न केलेली सही

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या सरकारी शाळांच्या, शिक्षकांची महिन्याची बैठक असली की माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची. मी बोलायला उभी राहिले की जेवणाची सुट्टी लांबते, हे सगळ्यांना पाठ होतं. एकदा तर एका सरांनी मी उठायच्या आधीच डबा उघडला होता. मला त्याचं काही वाटायचं नाही. आपण खरं बोलतो, आणि खरं बोलायला वेळ लागतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्या वर्षी मी बोलले ते जिल्ह्यातल्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेशाबद्दल. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे सगळं फुकट, आणि शिकवणं असं की शहरातल्या भारी फी घेणाऱ्या शाळांनी बघत राहावं. पाचवीतल्या मुलांची परीक्षा घेऊन मोजकी मुलं निवडायचे. बहुतेक जागा खेड्यातल्या मुलांसाठी राखलेल्या, अट एवढीच, की तिसरी, चौथी आणि पाचवी ही तीन वर्षं पूर्णवेळ खेड्यातल्या शाळेत झालेली हवीत. आणि इथेच सगळी गंमत होती. पोरगं खारघरच्या इंग्रजी शाळेत टाय लावून जातंय, आणि त्याचं नाव मात्र कुठल्यातरी आडगावच्या जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीवर. पनवेलच्या आसपास अशी नावं किती होती ते आम्हा शिक्षकांना माहीत होतं, पण चारचौघांत कोणी तोंड उघडत नव्हतं.

मी उघडलं. म्हटलं, ही सरळ सरळ गरिबाच्या पोरांच्या तोंडचा घास काढून घेणं आहे, आणि तो काढून देणारे आपणच आहोत. फॉर्मवर मुख्याध्यापकाची सही लागते. आपण सही केली नाही तर कोणाची काय टाप आहे? टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुखांनी इतिवृत्तात माझं नाव घालून नोंद केली. डबा उघडणारे सरही त्या दिवशी डबा बंद ठेवून ऐकत होते. मी घरी आले ती हवेतच.

माझी शाळा डोंगराच्या पायथ्याशी, पनवेलहून एसटीने पाऊण तास आणि पुढे वीस मिनिटं चालत. दोनच शिक्षक, मी आणि एक तरुण सर. मी जुनी म्हणून मुख्याध्यापकाचा कारभार माझ्याकडे. पाचवीचा वर्ग नुकताच आमच्या शाळेला जोडला होता. मुलं निम्मी गावातल्या शेतकऱ्यांची आणि निम्मी वरच्या कातकरवाडीतली. दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्ट्यांवर जायची, कल्याणच्या पलीकडे, आणि वैशाखात परतायची. तेवढे महिने माझा अर्धा वर्ग रिकामा.

आम्ही राहायला रोडपालीला. बैठकीनंतर पंधरा दिवसांनी आमच्याच इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी पेढे घेऊन आले. तळोज्याच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर होते. बायको मुलाला घेऊन खाली थांबली होती, हे मला खिडकीतून दिसत होतं. त्यांच्या मुलाची तिसरी आणि चौथी एका गावच्या शाळेत कागदावर 'झाली' होती. ती शाळा चौथीपर्यंतच. आता पाचवीला माझ्या शाळेत नाव हवं होतं.

"मॅडम, नुसती फॉर्मॅलिटी आहे," ते म्हणाले. "मुलगा हुशार आहे. कोणाचं काही जात नाही त्यात."

मी जे बैठकीत बोलले होते ते सगळं त्यांना पुन्हा ऐकवलं, जरा चढ्या आवाजात. माझे यजमान आतून दोनदा खाकरले. पेढ्यांचा पुडा मी त्यांच्या हातात परत दिला. हे मी करायला नको होतं. नाही म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं, पण समोरच्याला खाली मान घालायला लावल्याशिवाय माझं समाधान होत नसे.

ते दारात थांबले. अगदी शांतपणे म्हणाले, "ठीक आहे, मॅडम. पण मग तुमच्या शाळेतून जे फॉर्म जातील, त्या मुलांची तीन वर्षांची हजेरी मी माहितीच्या अधिकारात मागवणार. नियम सगळ्यांना सारखा."

"खुशाल मागवा," मी म्हटलं.

आता त्या मुलीबद्दल सांगते.

ती वाडीतली होती. दिसायला किडकिडीत, केस कायम पिंगट, आणि वर्गात तिला कुठेही बसवलं तरी दहा मिनिटांत ती खिडकीपाशी सापडायची. त्या परीक्षेत बुद्धिमत्तेचे प्रश्न असतात, आकृत्यांचे. आरशात कशी दिसेल, फिरवली तर कशी दिसेल, तुटलेला तुकडा कुठला. बाकीची मुलं पुस्तक गोल गोल फिरवायची. ही पुस्तक जागचं हलवायची नाही, मान फिरवायची, आणि मान सरळ व्हायच्या आत उत्तर तयार. मी तीस वर्षं शिकवलं. असं डोकं मला परत भेटलं नाही. हे तेव्हाही मला कळत होतं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

फॉर्म भरायच्या आधी एका शनिवारी मी पाचवीच्या चार मुलांची सराव परीक्षा घेतली. जुनी प्रश्नपत्रिका आणली, वेळ लावला, घंटा दिली, सगळं खऱ्यासारखं. पेपर घरी नेऊन तपासले. ती सगळ्यांच्या इतकी पुढे होती की मी तिचा पेपर दुसऱ्यांदा तपासला. मुलांना गुण मात्र सांगितले नाहीत. गुण सांगितले की पोरं शेफारतात आणि अभ्यास सोडतात, हा माझा एक जुना खाक्या.

सोमवारी फॉर्म भरायला बसले. तिचं नाव, जन्मतारीख लिहिली, आणि खालच्या दाखल्यापाशी आले. 'सदर विद्यार्थ्याने इयत्ता तिसरी व चौथी पूर्ण सत्र या शाळेत शिक्षण घेतले असून...' मी कपाटातून हजेरीपट काढले. दिवाळीपर्यंत नीट हजर, आणि मग लाल शाईत गैरहजर, गैरहजर, गैरहजर, दोन्ही वर्षं, वैशाखापर्यंत. माझ्याच अक्षरात. आजूबाजूच्या शाळांत वाडीची मुलं भट्टीवर गेली तरी हजेरी लागत राहायची. मी लावत नसे. मला त्याचाही अभिमान होता.

तरुण सर माझ्या खांद्यावरून बघत होते. "बाई, करा सही. ही खरीच आपल्या शाळेतली आहे. हिच्यासाठीच तर आहेत त्या जागा."

"आणि हजेरी?"

"कोण बघायला बसलंय?"

कोण बघणार होतं ते मला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. पेढ्यांचं सरांना सांगितलं होतं, माहितीच्या अधिकाराचं मात्र सांगितलं नाही. म्हटलं, "सर, मी बैठकीत एक बोलायचं आणि इथे दुसरं करायचं? मग त्या शेजाऱ्यात आणि माझ्यात फरक काय?" सरांनी टेबलावरचा खडू उचलला. मग म्हणाले, "फरक आहे, बाई," आणि वर्गावर गेले. त्यांनी एवढंच म्हटलं. मी त्यांना लहान समजत होते, म्हणून ते माझ्या कानापर्यंत पोचलं नाही.

मी तिच्या आईला निरोप धाडला. आई दुसऱ्या दिवशी आली, मुलीला घेऊन. तिला मी एकेरी हाक मारायची. ती माझ्याहून मोठी होती की लहान, हे कधी विचारलं नव्हतं. मुलीला बाहेर ओट्यावर बसवलं आणि आईला सांगितलं की हिचा फॉर्म जायचा नाही, दोन्ही वर्षं अर्धं वर्ष शाळाच झालेली नाही.

"शाला झाली ना, बाई," ती म्हणाली. "तिकडं पन जायची ती. भट्टीपासून लांब हाय शाला, तरी जायची. तिकडचं मास्तर बोलला, पोरगी आमचीच समजा."

तिने पदराखालून वह्या काढल्या. दोन होत्या, कोपरे दुमडलेल्या, भट्टीच्या लाल धुळीने माखलेल्या. मी उघडल्या. पानोपानी गणितं, शुद्धलेखन, आणि प्रत्येक पानाखाली कुणातरी गुरुजींची सही आणि तारीख. पौष, माघ, फाल्गुन, ज्या ज्या दिवशी मी लाल शाईने तिला गैरहजर मांडत होते, त्या त्या दिवशी ती कुठल्यातरी वर्गात मागच्या ओळीत बसून भागाकार करत होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आजही जड जातं. अशा मुलांसाठी सरकारने हमी कार्ड काढलं होतं. भट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या हातात ते द्यायचं, तिकडच्या शाळेने त्यावर हजेरी आणि गुण भरायचे, आणि मूल परत आलं की ते आपल्या नोंदीला जोडायचं. ते जोडलं की वर्ष पूर्ण. कार्डांचा गठ्ठा माझ्या कपाटात होता, सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. मी ती कधी वाटली नाहीत, कारण आमच्यात सगळे म्हणत की कार्ड दिलं की मूल तिकडच्या पटावर गेलं. ते दिवस पटपडताळणीच्या धास्तीचे होते. मुलांच्या बोटांना मतदानाची शाई लावून मोजणी झाली होती. पट घसरला की शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला उचलून नेणार, आणखी घसरला की शाळेला कुलूप. वाडीची मुलं पटावरून गेली असती तर मी एकटी उरले असते, नाहीतर मलाच दूर कुठेतरी डोंगरपट्टीत टाकलं असतं. रोडपालीचं घर, मुलांच्या शाळा, सगळं डोळ्यांसमोर यायचं. म्हणून गैरहजर मांडायचं, पण पटावर ठेवायचं. खोटी हजेरी नाही लावली म्हणून मी स्वतःला प्रामाणिक म्हणवून घेत होते.

त्या वह्या हातात असताना हे सगळं मला त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. त्या गुरुजींना गाठून दाखला आणता आला असता. शेवटच्या तारखेला अजून आठ दिवस होते. पण मग पहिला प्रश्न आला असता, की कार्ड का दिलं नाही. आणि तो प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला असता, केंद्रप्रमुखांनी विचारला असता, भर बैठकीत, जिथे माझ्या नावाची नोंद होती.

मी वह्या मिटल्या. "वहीवर चालत नाही गं," मी म्हटलं. "कागद लागतो. नियम सगळ्यांना सारखा."

शेजाऱ्याचं वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. तिला त्यातलं काय कळलं माहीत नाही. तिने वह्या परत पदराखाली घेतल्या, "बरं, बाई," म्हणाली आणि उठली. भांडली नाही. ती भांडली असती तर मीही भांडले असते, आणि भांडता भांडता कदाचित विरघळले असते. ओट्यावरून मुलगी आत डोकावली. मी तिला म्हटलं, "तुझा फॉर्म नाही जात यंदा." बाकीच्या तिघांचे त्याच दिवशी गेले.

'यंदा' म्हटलं ते निव्वळ तोंडदेखलं. ती परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पाचवीतच.

दिवाळीनंतर ती माणसं भट्टीवर गेली. वैशाखात परतली तेव्हा मुलगी शाळेत आली नाही. मी एक-दोनदा निरोप धाडला, येते म्हणाली, आली नाही. आमच्या तिघांपैकी कोणाचा नंबर लागला नाही. शेजाऱ्यांनी मुलासाठी दुसरी शाळा शोधली होती, पण त्याचाही लागला नाही. ते ऐकून मला आधी बरं वाटलं. दहा वर्षांचं पोरगं नापास झालं म्हणून आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात यायला संध्याकाळ झाली. माहितीच्या अधिकाराचा त्यांचा अर्ज कधीच आला नाही. ज्याला घाबरून मी एवढं केलं, तो माणूस घरी जाऊन विसरूनही गेला होता.

पुढल्या वर्षी कार्डांची सुतळी सोडली. गठ्ठ्यात खाली परिपत्रक होतं. एका पानाचं. मुलाचं नाव मूळ शाळेच्या पटावरच राहील, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आमच्यापैकी कोणीच ते वाचलं नव्हतं. ज्यांनी 'पटावरून नाव जातं' असं मला सांगितलं त्यांनीही नाही, आणि नियमांवर अर्धा तास बोलणाऱ्या मीही नाही. त्या दिवाळीला वाडीतल्या प्रत्येक मुलाच्या हातात मी कार्ड दिलं. बैठकीत मात्र त्यानंतर माझं बोलणं कमी झालं. आमच्या सरांना तेवढं सांगितलं, की तुम्ही म्हणत होता तो फरक होता. ते म्हणाले, "जाऊ द्या, बाई." मला जाऊ देता आलं नाही.

नंतर माझी बदली झाली. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम निघालं तेव्हा मला खारघरच्या टोकाचा भाग आला होता, जिथे टॉवर अजून उभे राहत होते. बांधकामावर फिरून कोणाची मुलं शाळेत जात नाहीत ते लिहून घ्यायचं. एका ठिकाणी पत्र्याच्या खोल्यांपाशी मी नावं विचारत होते, कोणी धड सांगेना. तेव्हा वाळूचं घमेलं खाली ठेवून एक मुलगी पुढे आली आणि तिने एकेका पोराकडे बोट दाखवत नाव, वय, आधीची शाळा, सगळं सांगायला सुरुवात केली. मी लिहीत गेले. शेवटी ती म्हणाली, "बाई, वळखलं नाय का?"

सोळा-सतरा वर्षांची झाली होती. केस तसेच पिंगट.

सर्वेक्षणाचा फॉर्म हातात असला की तोंडातून त्यातलेच प्रश्न बाहेर पडतात. "शाळा कधी सोडलीस?"

"तवाच. पाचवीत." ती थोडी लाजली. "त्या परीक्षेत नापास झाले ना मी."

"कुठल्या परीक्षेत?"

"तुमी घेतलेली ती. शनवारी, घंटा वाजवून. मोठ्या शालेची. बाकीच्यांचं फॉर्म गेलं, माझा नाय गेला. आय बोलली, कागद नाय म्हनून, पन मला वाटलं, माझी समजूत काढते."

मी तिथल्या विटांच्या रचलेल्या थरावर बसले. सहा-सात वर्षं ही मुलगी असं धरून चालली होती. आईला मी नियम सांगितला होता. हिला मी काहीच सांगितलं नव्हतं, गुणसुद्धा नाहीत.

"तू नापास नव्हतीस," मी म्हटलं. "पहिली आली होतीस. दुसरं कोणी तुझ्या जवळपाससुद्धा नव्हतं."

ती म्हणाली, "मंग फॉर्म?"

"माझ्यामुळे राहिला. एक कागद मी द्यायचा होता, तो मी दिला नाही. चूक माझी होती. तुझी काहीच नव्हती."

तिला राग येईल असं वाटलं. यावा असंही वाटत होतं. मुकादमाने लांबून हाक मारली, तिने त्याला हाताने थांब म्हणून खूण केली.

"बा माझ्यासाठी भांडला असता तेवा," ती हळू म्हणाली. "तो बोलायचा, ही एक शिकंल. मीच सांगितलं त्याला, मी नापास झाले. मंग तो बोलला, नापास झालीस तर कशाला जातेस, भट्टीवर हात लाव. मला पन वाटलं, बरोबर हाय त्याचं."

"वडील कुठे आहेत?"

"नाय आता." तिने घमेलं उचललं, मग पुन्हा खाली ठेवलं. "आय हाय. वाडीवरच हाय. तिला तुमी सांगा, बाई, मी पहिली आले होते म्हनून. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाय."

मी हो म्हटलं. नक्की सांगते, या रविवारीच जाते, असंही म्हटलं. पनवेल स्टँडवरून वाडीकडे जाणारी एसटी अजून सुटते, आणि आता तर मी निवृत्त आहे, मला सगळे दिवस रविवारच. दोनदा स्टँडपर्यंत जाऊन परत आले. अजून गेलेले नाही.